तुला मी साक्षीला बोलावलंच नाही

अक्का,

हल्ली दुपारचं जेवण झालं की कोर्टात वकिलांच्या बार रूमच्या लाकडी बाकावर मी जरा आडवा होतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच तू येतेस. अंगावर तुझा तो इंग्लंडच्या जज्जचा पायघोळ झगा, डोक्यावर घोड्याच्या केसांचा पांढरा टोप, आणि पायात मात्र आईच्या जुन्या चपला. परळीच्या कोर्टाच्या पायऱ्या तू सावकाश चढतेस. शिपाई बाहेर येऊन तुझं नाव तीनदा पुकारतो. पक्षकार बाजूला सरतात. मला वाटतं, तू आता सरळ वर जाऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसशील, पण तू तिकडं जातच नाहीस. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहतेस, कठड्यावर हात ठेवतेस आणि माझ्याकडं बघतेस. मी फाइल चाळत असल्याचं सोंग करतो. एवढ्यात कुणीतरी चहासाठी हाक मारतं आणि मी जागा होतो.

तुला जाऊन तीन आठवडे होत आले. रोहननं तुझा शेवटचा प्रवास मला फोनवर दाखवला. फुलं, लाकडी पेटी, काळ्या कोटातली माणसं आणि मागं कुठलंसं संथ वाद्य. आपल्यात पुरून माती देतात, तुला तिकडं अग्नी दिला. तूच तसं लिहून ठेवलं होतंस म्हणे. तुझा लेक दर दोन मिनिटांनी विचारत होता, "मामा, दिसतंय ना?" मी "दिसतंय रे" म्हणत होतो. खरं म्हणजे चित्र केव्हाच अडकलं होतं, कुणा एका बाईच्या निळ्या टोपीवर. त्या टोपीकडं बघत मी पोटभर रडलो.

इकडच्या पेपरांनी तुला बीडची कन्या केलं. एकानं तुझं गाव परळी लिहिलं, दुसऱ्यानं तुला इंग्लंडची सरन्यायाधीश करून टाकलं. तू असतीस तर लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवलं असतंस. अंबाजोगाईला आमच्या वकील मंडळींनी शोकसभा घेतली. "आता त्यांचे बंधू दोन शब्द बोलतील," असं म्हटल्यावर मी उठलो, माइकपाशी गेलो आणि तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. गहिवरून आलंच होतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. चाळीस वर्षं बोलण्याचाच धंदा केलेला मी. तुझ्याबद्दल पहिलं खरं वाक्य बोलायचं तर ते विहिरीचं बोलावं लागेल, हे तिथं उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणून गुमान खाली येऊन बसलो.

विहिरीवर येतोच. त्याआधी जरा तुझ्यापाशी बसू दे.

धर्मापुरीला आपलं कापडाचं दुकान, दुकानामागं घर आणि जुन्या देवळाच्या पलीकडं शेत. तू देवळाच्या दगडी ओट्यावर बसायचीस आणि आम्ही पोरं भांडून तुझ्याकडं यायचो. तू दोघांचं ऐकून घ्यायचीस. ज्याचं चुकलं असेल त्यालाच आधी जवळ बसवायचीस, आणि माझं चुकलेलं असलं की मी तिथून पळ काढायचो. पळून जाऊन मी कोपऱ्यावरच्या दगडी नंदीमागं लपायचो आणि तू मला शोधायला यायची नाहीस, याचा मला लई राग यायचा. अजूनही येतो.

मग अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या दाजींशी तुझं लग्न झालं आणि तू विमानात बसून गेलीस. तिकडं पहिली दोन वर्षं तू नुसती खिडकीतून धुकं बघत होतीस, असं तूच सांगायचीस. धुक्यात कधी दुकान दिसायचं, कधी देऊळ, कधी आई धान्य पाखडताना. मग रोहनला पाळण्यात टाकून एका हातानं दोरी हलवत कायद्याची पुस्तकं वाचायला लागलीस. बॅरिस्टर झालीस, वकिली केलीस, जज्ज झालीस, मग आणखी मोठी जज्ज झालीस. त्या पायऱ्यांची तिकडची नावं मला अजून धड सांगता येत नाहीत आणि तुला सांगायची हौस नव्हती. मी वकील झालो तो मात्र तुझ्या पत्रांमुळं. तुझ्या पत्रांत कायदा असा यायचा की जणू तो आपल्याच गल्लीत राहतो.

मोठी जज्ज झाल्यावर तुझं फिरणं सुरू झालं. तिकडं ती रीतच आहे, जज्जनं काही आठवडे एखाद्या दूरच्या शहरात जाऊन बसायचं आणि सरकारी बंगल्यात राहायचं. आचारी, चांदीचे चमचे, सगळा थाट. तिथून तुझा फोन यायचा. तुझ्याकडं दुपार असायची, माझ्याकडं दिवेलागण. "शिवा, बंगला लई मोठा हाय, पन इथं ठेचा कशाला म्हंत्यात ते कुनाला ठावं न्हाई," असं म्हणायचीस. सत्तरीला टेकलीस तरी तुझी बोली धर्मापुरीचीच राहिली. मी इथंच राहून पुस्तकी बोलायला लागलो आणि तू तिकडं राहून आईच्या तोंडची भाषा जपलीस. तुझा आवाज ऐकला की मला घरच्या सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांना जाणवायचा. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दिवा लावायचं विसरायचो.

तुझं कोर्ट मी एकदाच पाहिलं. मागच्या बाकावर बसलो होतो. तू आत आलीस तसे सगळे उभे राहिले, वकिलांनी तुला मान लवून नमस्कार केला, आणि मग तूही त्यांना तसाच केलास. आमच्याकडं जज्ज असा वाकत नाही. मी चमकून इकडंतिकडं बघितलं. सगळं इतकं हळू चाललं होतं की मला ते पाण्याखाली चालल्यासारखं वाटलं. एका बापाचा त्याच्या लेकरांवरून वाद होता. तो हरला. निकाल सांगताना तू वकिलांकडं बघितलंच नाहीस. त्या बापाकडं बघून बोललीस, माझ्यासारख्यालाही कळेल अशा सोप्या इंग्रजीत. तो रडत होता, पण मधूनमधून मान हलवत होता. इतक्या वर्षांत हरलेल्या पक्षकाराला मान हलवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बागेत चालताना मी तुला त्याबद्दल विचारलं. तू म्हणालीस, "जितनारा माजं ऐकतच नसतो रे. तो मनानं घरी पोचलेला असतो. ऐकत असतो हरनारा. त्याला कळाया पायजे, आपन कावून हरलो." त्या दिवशी माझी बहीण म्हणून तुझा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच बातमीनं वाटला नाही. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. थंडी फार होती आणि मी मफलर शोधत होतो.

आता विहीर.

अप्पा आणि काका वेगळे झाले तेव्हा विहीर अप्पांच्या वाटणीच्या शेतात आली. खणली होती ती काकांनी, स्वतः पहार घेऊन, पण कागदोपत्री ती आपली. तरी काकांचं शेतही तिच्यावरच भिजायचं. आठवड्यातले चार दिवस पाण्याची पाळी आपली, तीन दिवस त्यांची. दोघं गेले, त्यानंतर पावसानं लागोपाठ दगा दिला, विहिरीनं तळ गाठला, आणि मी काकांच्या मुलाची, मन्मथची, पाळी बंद केली. त्यानं परळीच्या कोर्टात दावा लावला. माझं म्हणणं साधं होतं. पाणी अप्पांनी मेहेरबानीनं दिलं होतं, हक्कानं नव्हे. हक्क असेल तर कागद दाखव. कागद नव्हता. वकील म्हणून ही केस मला पहिल्या दिवशीच जिंकल्यासारखी वाटत होती.

मी तुला ते फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तू म्हणालीस, "कागद न्हाई, पन मी हाय."

पाळी ठरली त्या दिवशी तू हजर होतीस. मी गोवरानं घरी निजून होतो, पाच वर्षांचा. तू अकरा वर्षांची, भस्माची डबी धरून विहिरीवर उभी होतीस. अप्पांनी चिमूटभर भस्म विहिरीच्या काठाला लावलं, मग काकांच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, "इहीर माज्या वाट्याला आली, पन पानी तुज्या घामाचं हाय. तीन दिस तुजे. तुज्या मागं तुज्या पोराचे, त्याच्या मागं त्याच्या पोराचे." तू ते मला त्यांच्या आवाजात सांगितलंस. फोनमधून अप्पाच बोलल्यासारखं वाटलं आणि मला राग आला.

"अकरा वर्षांच्या पोरीची पन्नास वर्षांपूर्वीची आठवण," मी म्हणालो. "उलटतपासात पाच मिनिटांत फाडून टाकीन तुला."

"फाड की. पन उभी तर कर."

मी उभी केली नाही. मन्मथला हे ठाऊकच नव्हतं, नाहीतर त्याच्याच वकिलानं तुला बोलावलं असतं. तू म्हणायचीस, मी आपणहून त्याला सांगणार नाही, साक्षीदारानं कोर्टाबाहेर बोलायचं नसतं, तू वकील आहेस, तू बोलाव. ज्या दिवशी तारीख कळवशील त्या दिवशी तिकीट काढते. अक्का, कायद्यात असं काही नाही. मी तुला दहादा सांगितलं. साक्षीदार भावाशी बोलू शकतो, चहा पिऊ शकतो, त्याच्या घरी चार दिवस राहूही शकतो. ते बंधन तूच स्वतःला घालून घेतलं होतंस. जन्मभर न्याय करून करून तुला साधं वागता येईनासं झालं होतं. हा वाद आपण मिटवला नाही, आणि आजही माझं तेच मत आहे.

शेवटची आलीस तेव्हा तर तू कहरच केलास. सरळ गाडी करून अंबाजोगाईच्या स्टँडजवळच्या लॉजवर उतरलीस. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. तुझी भावजय रडायला लागली, शेजारीपाजारी विचारायला लागले, सख्खी बहीण लॉजवर कशी? मी तणतणत वर आलो तर तू गॅलरीत खुर्ची टाकून बसली होतीस. मॅनेजरच्या रजिस्टरात धंद्याच्या रकान्यात नुसतं 'रिटायर' लिहिलं होतंस. गरम पाणी सकाळी सहा ते सातच मिळतं, याचं तुला मोठं कौतुक वाटत होतं.

"एकाकडं उतरले तर दुसऱ्याला काय वाटंल?" तू म्हणालीस.

"मग जा मन्मथकडं."

"त्याच्याकडं गेले तर तुला काय वाटंल?"

"काही वाटणार नाही."

तू हसलीस. खोटा साक्षीदार बोलायला लागला की तिकडं कोर्टातही तू अशीच हसत असशील. मग आपण बशीत ओतून चहा प्यायलो. समोर ऊन उतरत होतं, स्टँडवर गाड्या येत-जात होत्या, धुळीत सगळं सोनेरी झालं होतं. तू म्हणालीस, इथं बसलं की आपण कुठं गेलोच नव्हतो असं वाटतं, मधली सगळी वर्षं कुणा दुसऱ्याचीच. तीन दिवस तू तशीच बसलीस. निघताना गाडीची काच खाली करून विचारलंस, "मन्मथ कसा हाय?" मी म्हणालो, बरा आहे. दर फोनला तू हेच विचारायचीस आणि दरवेळी मी एवढंच सांगायचो.

आता जे लिहितोय ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. तू आजारी पडलीस, तुझा आवाज बारीक होत गेला. तू विचारायचीस, "तारीक कवा हाय?" मी म्हणायचो, पुढची पडली. ती आपोआप पडत नव्हती, अक्का. मी मागून घेत होतो. कधी तब्येतीचं कारण, कधी कागदांचं. केस लांबेल तेवढी माझ्या फायद्याची, कारण एक दिवस तू नसशील आणि मग भस्माची डबी कुणाच्याच हातात नसेल. मी तुझ्या मरणाची वाट बघत होतो. सख्खा भाऊ. आणि त्याच तोंडानं म्हणत होतो, "अक्का, औषध वेळेवर घे."

तू गेलीस आणि मी सुटलो, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जग थोडं लांब गेल्यासारखं झालं. घरात फिरताना, देवाला फूल वाहताना, कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडताना सतत वाटायचं, कुणीतरी बाहेर बाकावर बसलंय आणि त्याचं नाव अजून पुकारलं गेलेलं नाही.

गेल्या गुरुवारी माझी साक्ष होती. परळीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, डोळे जड झाले होते आणि गाडी कुठून चालली आहे याचं भान नव्हतं. माझा वकील म्हणजे माझाच जुना ज्युनिअर, गुणी मुलगा. त्यानं सगळं टाइप करून ठेवलं होतं. पिंजऱ्यात उभा राहून मी शपथ घेतली. दुसऱ्यांना इतक्या वेळा तिथं उभं केलं, पण त्या फळीवरून माणसं केवढी लांब दिसतात हे मला माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "या कागदात लिहिलंय ते मला म्हणायचं नाही."

जज्ज मॅडम तरुण आहेत, तुझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं, विहीर काकांनी खणली. अप्पांनी तीन दिवसांची पाळी वंशपरंपरेनं दिली. मी तिथं नव्हतो, पण माझी बहीण होती आणि तिनं मला सगळं सांगितलं होतं.

"त्यांना साक्षीला का बोलावलं नाही?"

"ती यायला तयार होती. मीच बोलावलं नाही."

"तुम्ही स्वतः वकील आहात. याचा परिणाम काय होईल ते समजतं ना?"

"समजतं," मी म्हणालो. मॅडम एकेक वाक्य सांगत गेल्या आणि टायपिस्ट टाइप करत गेला. तुझं नाव टाइप करताना त्यानं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेलो.

बाहेर आलो तर मन्मथ लिंबाखाली उभा होता. सासष्ट वर्षांचा माणूस, दाढी वाढलेली, टोपी हातात. दावा लागल्यापासून अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटलं, हा शिव्या देईल किंवा पाया पडेल, आणि दोन्हीला मी घाबरलो होतो.

"अक्का यायला तयार व्हती?" त्यानं विचारलं.

"होती."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "लॉजवर आलती तवा मी स्टँडवर गेलतो. समोरच्या टपरीवर बसलो व्हतो, तिन्ही दिस. गॅलरीत दिसायची. वर जायाचा धीर झाला न्हाई. म्हनलं, लई मोठी बाई झालीय, आपल्याला वळखती का न्हाई. वळखत असती तर आली असती की."

तू वर बसून आपल्या गावाच्या दिशेला बघत होतीस आणि तो खाली बसून तुझ्याकडं बघत होता. मधे पन्नास पावलांचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर मी होतो. थोडीशी तूही होतीस, तुझ्या त्या न्यायासकट. पाण्याची पाळी मी परत दिली, उद्यापासून त्याची मोटर चालू होईल. हे कसं परत देऊ?

मी म्हणालो, "दर फोनला तुझं विचारायची. मी तुला सांगितलं नाही." त्यानं मान हलवली. मग अगदी हळू म्हणाला, "इहिरीवरचं सांग. सगळं सांग, तिनं सांगितलं तसं."

मी सांगितलं. शेवटी म्हणालो, "तूही तिथं होतास. दोन वर्षांचा. एका हातात डबी आणि कडेवर तू, अशी ती उभी होती."

ते त्याला माहीत नव्हतं. तो लिंबाखालच्या ओट्यावर बसला. मग वर बघून त्यानं लहान पोरासारखं विचारलं, "कोन्त्या कडंवर?"

मला ठाऊक नाही, अक्का. हे तेवढं मी तुला विचारलं नव्हतं. साक्षीला उभी केली असती तर विचारलं असतं.